कासार आळीतलं जेवण

खानावळीच्या पायरीवर बुवांनी कठड्याला धरून एका पायातली वहाण काढली, दुसरी काढायला वाकले, आणि तेवढ्यात माझ्या पर्समधला फोन वाजला.

फोन अनंताचा होता. अनंत म्हणजे बुवांचा पुतण्या, त्यांचे धाकटे भाऊ दत्तोपंत यांचा मुलगा; वडिलांना तो अण्णा म्हणे. तो मला कधी फोन करत नसे. त्याचा आवाज इतका सरळ होता की पहिल्यांदा मला काही बोधच झाला नाही.

"कुमुदताई, अण्णा गेले. आत्ताच. काका शेजारी असतील तर नुसतं हो म्हणा."

मी हो म्हटलं.

"त्यांना जेवण झाल्याशिवाय सांगू नका. कळलं तर पाण्याला शिवणार नाहीत, आणि त्यांचं इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन झालं असेल. मी गाडी घेऊन निघतोच आहे."

मी पुन्हा हो म्हटलं आणि फोन पर्सच्या तळाशी ठेवला. बुवांनी दुसरी वहाण काढून दोन्ही जोडीने भिंतीला लावल्या आणि सवयीने माझं कोपर धरलं. मोतीबिंदूमुळे उन्हात त्यांना पायरी दिसत नसे. म्हणजे त्या दुपारी ते माझ्यापासून हातभरही लांब जाणार नव्हते, आणि मला कुणाशी वेगळं बोलता येणार नव्हतं.

याला आता बरीच वर्षं झाली. बुवा म्हणजे अच्युतबुवा नायगावकर. फ्रॉक घालून मी देवळात पहिल्या रांगेत बसायची, तेव्हापासून त्यांचं कीर्तन ऐकत आले. ते पूर्वरंगात एखादा प्रश्न टाकून ठेवत आणि सगळी सभा त्या प्रश्नावर टांगती ठेवून मध्यंतरी बुक्का लावून घेत. त्यांच्या डाव्या हाताला पेटीवर धाकटे भाऊ दत्तोपंत. बुवांच्या गळ्यातून सूर निघायच्या आत तो दत्तोपंतांच्या बोटांत आलेला असायचा. त्या दुपारच्या दोन वर्षं आधी दत्तोपंतांना अर्धांगवायू झाला आणि ते नायगावला अंथरुणाला खिळले. तेव्हापासून बुवा जिथे जातील तिथला पेटीवाला घेत. त्या संध्याकाळी आमच्या मुरलीधराच्या देवळात तीन वर्षांनी त्यांचं नृसिंह नवरात्राचं कीर्तन होतं, आणि बुवांना सांभाळायचं काम पंचांनी माझ्यावर सोपवलं होतं.

सांभाळायचं म्हणजे मुख्यतः जेवायला घालायचं. बुवांची एक जुनी रीत होती. कीर्तनाच्या दिवशी ते कुणाच्या घरी जेवत नसत. एकाकडे जेवलं की दुसरा रुसतो, आणि ज्याच्या घरचं जेवलो त्याला सभेत चार शब्द सुनावता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून खानावळ. कासार आळीतलं अन्नपूर्णा भोजनालय, देवळापासून चार पावलांवर. पान मांडायला तिथे कधी उशीर झाला नव्हता, त्यामुळे बुवा देवळाच्या खोलीतच इंजेक्शन टोचून घेत आणि सरळ पानावर येऊन बसत.

मी राहायला गेले होते शहराच्या दुसऱ्या टोकाला. कासार आळी आता सुधारलीय, फरशी काय, दिवे काय, लोक फोटो काढायला येतात, असं ऐकून होते. महिन्याभरापूर्वी रिक्षातून जाताना अन्नपूर्णाची पाटी पाहिली. तीच अक्षरं, वर नवा रंग. मी त्याच दिवशी बुवांना फोन करून कळवलं की अन्नपूर्णा आहे, उलट उजळलीय. त्यांना फार बरं वाटलं होतं.

आत शिरलो तर गार हवा अंगावर आली आणि कॉफी दळण्याचा आवाज. कुणीही चपला काढलेल्या नव्हत्या. बुवा अनवाणी, धोतर सावरत, डाव्या कोपऱ्याकडे गेले, कारण त्यांचा पाट नेहमी तिथे असायचा. तिथे आता वेताची खुर्ची होती. तीत ते बसले आणि हात धुवायला पाणी कुठे म्हणाले.

जाड चष्म्याची एक तरुण बाई पुढे आली. ती तिथली व्यवस्था बघत होती, आणि स्वभावाने गोडच होती. तिने सांगितलं की खानावळ बंद होऊन दोन वर्षं झाली, पाटी मात्र त्यांनी तशीच ठेवली, येणाऱ्यांना ती फार आवडते. बुवांनी मान वर करून पाटीच्या दिशेने पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे देव नेला आणि देऊळ ठेवलं."

ती हसली. तिला ते आवडलं. मला हसू येईना. मी तिला ताट आहे का विचारलं. ताट नव्हतं. मग पोळी, भात, काहीही. तिने टेबलावरच्या चौकोनी खुणेवर फोन धरून पदार्थांची यादी बघायला सांगितली, मग माझा गोंधळ पाहून स्वतःच वाचून दाखवू लागली. निम्म्या पदार्थांत अंडं होतं, उरलेल्यांत लसूण. कीर्तनाच्या दिवशी बुवांना कांदा-लसूण चालत नसे. त्यात गंमत अशी की बुवा प्रत्येक पदार्थाची चौकशी करत होते, हा पाव आंबट का, हे हिरवं फळ कुठल्या देशातलं, एवढं महाग आहे तर लोक खातात की नुसतं बघतात. बाई मनापासून उत्तरं देत होती. माझं लक्ष बुवांच्या कपाळाकडे होतं. गारव्यातही तिथे घाम आला होता.

मी विचारलं की आतल्या आत थोडा वरणभात करून मिळेल का. ती म्हणाली, "काकू, मला खरंच द्यायला आवडलं असतं. आमच्याकडे गॅसच नाहीये, सगळं बाहेरून येतं."

बुवा उठले. तिचं भलं होवो असं म्हणाले आणि वहाणा घालायला बाहेर आले. मी मागे वळून टेबलावरच्या साखरेच्या तपकिरी पुड्या मूठभर उचलल्या. तिने पाहिलं.

पुढच्याच वळणावर, जिथे पूर्वी तांब्यांना कल्हई करत, तिथे महाराष्ट्रीय थाळीचं नवं ठिकाण झालं होतं. बाहेर बाकांवर माणसंच माणसं. दाराशी एक मुलगी नावं लिहून घेत होती. पाऊण तास तरी लागेल म्हणाली. मी म्हटलं की वयस्कर आहेत, मधुमेह आहे, आधी बसवता आलं तर बघा. तिने बाकाकडे बोट केलं. तिथे खरोखरच दोन म्हातारी माणसं आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई बसलेली होती. तुमच्यासारखे आणखीही आहेत, एवढंच तिला सांगायचं होतं, आणि ती बरोबर होती. मला सांगायचं होतं ते वेगळं होतं. ते माझ्या जिभेवर होतं, आणि बुवांची बोटं माझ्या कोपरावर होती.

"अहो, तसं नाही," एवढंच मी म्हणू शकले.

"मग कसं आहे?" तिने विचारलं. चिडून नाही, नीटच विचारलं.

मी पर्समधून पेन काढून तिच्या वहीत दोन शब्द लिहावेत, असा विचार माझ्या मनात आला, पण मागून कुणीतरी पुढे सरका म्हणालं. बुवाच म्हणाले, "चल कुमुद, रांग मोडून जेवलेलं पचत नाही."

आम्ही एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो. समोरच्या भिंतीवर कुणीतरी ठोक्याच्या भांड्यांचं मोठं चित्र काढलं होतं, घागरी, हंडे, आणि ते ठोकणारा एक मिशाळ कासार. दोन मुली त्या चित्रातल्या कासाराशेजारी उभ्या राहून फोटो काढत होत्या. मी साखरेच्या पुड्या फोडून बुवांच्या तळहातावर ओतल्या. त्यांनी तीर्थ घ्यावं तशी ती साखर घेतली. त्यांचा हात ओला आणि थंड लागला.

मी पाणी आणलं. लांब गेले नाही, दुकानाच्या कोपऱ्यावर पानाची टपरी होती तिथूनच, मान सतत त्यांच्याकडे. परत आले तेव्हा जरा तरतरी आली होती त्यांना. आणि मग त्यांनी दत्तोपंतांची गोष्ट काढली.

अन्नपूर्णात पूर्वी ठेचा फार जहाल असायचा. बुवा गळ्यासाठी त्याला शिवत नसत, आणि दत्तोपंत समोर बसून मुद्दाम मागून मागून घेत. पेटी वाजवणाऱ्याला काय, असं म्हणत, बोटांना तिखट लागत नाही. एकदा तर ठेचा खाल्लेल्या हाताने डोळा चोळला आणि सगळं आख्यान एका डोळ्याने वाजवलं. सभेतल्या बायकांना वाटलं, प्रसंग करुण आहे म्हणून पेटीवाले रडतायत. त्यांनीही पदर लावला.

"त्या दिवशी आरतीच्या तबकात एवढे पैसे पडले," बुवा म्हणाले. "तेव्हापासून दत्ता मला म्हणतो, दादा, करुणरस माझ्याकडे सोपव."

म्हणतो, असं म्हणाले ते. मी पदराने चेहरा पुसला आणि ऊन फार आहे म्हटलं. बुवांनी मला विचारलं की तू का गप्प. मी म्हटलं, जेवायचं कसं होणार याची काळजी लागलीय. तेही खोटं नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या ठिकाणांचं मी वेगळं काय सांगू. एके ठिकाणी नुसते केक होते. एके ठिकाणी पाटीवर मराठी म्हणी रंगवलेल्या, आणि आत जेवण इटलीचं. आळी सुंदर झाली होती यात शंका नाही. गटाराचा वास गेला होता, कचरा नव्हता, झाडांना पार बांधले होते. मी या आळीत वाढले. कुठल्याही दारात उभं राहून माणूस उपाशी आहे असं म्हटलं असतं, तर आतून पान मांडल्याचा आवाज आला असता. आता एकाही दारात मला कुणाचं नाव ठाऊक नव्हतं. अनंताची गाडी एव्हाना निम्म्या वाटेवर असणार. तो येऊन पोचला की बुवांना त्याच्या चेहऱ्यावरूनच कळणार, मग संपलंच. इंजेक्शन घेतलेला माणूस तसाच गाडीत बसणार, नायगावला जाणार, अग्नी देईपर्यंत तोंडात काही घालणार नाही. वाटेत काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. आणि मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, मला एका माणसाला एक ताट मिळवून देता येत नव्हतं.

तेव्हा बुवाच थांबले. नाक वर करून म्हणाले, "इथे भात शिजतोय."

लाल कंदील टांगलेलं चिनी पद्धतीचं हॉटेल होतं ते. शटर अर्धं खाली. संध्याकाळी उघडणार असा फलक होता. मी वाकून पाहिलं, तर आत कामाची माणसं जमिनीवर गोल करून बसली होती आणि एक थोराड, पोट सुटलेला स्वयंपाकी पातेल्यातून भात वाढत होता. त्याने मला पाहून हातानेच सांगितलं, बंद आहे.

बुवांनी माझं कोपर सोडलं, शटरखाली वाकले आणि आपल्या कीर्तनातल्या हिंदीत म्हणाले, "महाराज, भिक्षा मिलेगी?"

स्वयंपाकी क्षणभर बघत राहिला. मग त्याने आपल्या शेजारच्याला सरकायला सांगितलं. तो नेपाळकडचा होता. त्याने जास्त काही विचारलं नाही. दोन स्टीलच्या ताटल्या घेतल्या, त्यांत भात वाढला, भातात खळगा करून डाळ ओतली, बाजूला चुरलेला बटाटा ठेवला. बुवा मांडी घालून बसले. त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि डाळीचा वास घेतला.

"लसुन है?" त्यांनी विचारलं.

स्वयंपाक्याचा चेहरा पडला. है बाबाजी, म्हणाला, लसुन का ही तडका है.

इतकं सगळं करून इथे येऊन अडलं. मी ताटलीकडे पाहत राहिले. नुसता भात मागावा का, दही मिळेल का, असं काहीतरी मी चाचरत बोलायला लागले. बुवा माझ्याकडे बघत होते. त्यांना माझा चेहरा नीट दिसत नसणार, तरी बघत होते. मग त्यांनी डाळभात कालवला आणि पहिला घास घेतला.

"बुवा, लसूण आहे," मी म्हटलं.

"ऐकलं मी. आज चालेल." आणि स्वयंपाक्याला म्हणाले, "बहुत अच्छा बना है."

मलाही त्यांनी बसवलं. म्हणाले, तूही जेव, पुढे तुला पुष्कळ करायचंय. मी जेवले. काय जेवले ते आठवत नाही. बुवा मात्र सावकाश, एक शीत न टाकता जेवले, दुसऱ्यांदा भात मागून घेतला. कामाची माणसं आपसात बोलत होती, कुणाच्या तरी गावच्या लग्नाचं काहीतरी होतं, आणि बुवा त्यांच्या हसण्याकडे तोंड करून जेवत होते.

हात धुऊन आम्ही बाहेरच्या पायरीवर आलो. स्वयंपाकी काही घेईना, तेव्हा बुवांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग पायरीवर बसून धोतराच्या सोग्याला हात पुसला आणि मला म्हणाले,

"आता सांग."

मी सांगितलं. दोन वाक्यं होती, तीही मला सलग म्हणता आली नाहीत.

त्यांनी मान हलवली. अन्नपूर्णाच्या पायरीवर माझा फोन वाजला तेव्हाच शंका आली होती, म्हणाले. एरवी तू भेटल्याबरोबर दत्ताची चौकशी करतेस, आज मी त्याची एवढी गोष्ट सांगितली तरी कसा आहे म्हणून विचारलं नाहीस.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर जेवता आलं नसतं. ऐकलं की सुतक लागतं, शंका आल्याने नाही." ते थोडं थांबले. "आणि मी वाटेत आडवा झालो असतो तर अनंताला एका दिवशी दोघांचं करावं लागलं असतं."

मला वाटलं आता तरी ते रडतील. ते देवळाचं बोलत राहिले. पंचांना कळव, आज कीर्तन नाही म्हणून. लोक आले तर परत पाठवू नका, भजन करा, नुसतं नाम घ्या. पेटीवाल्याला बिदागी मात्र पूर्ण द्या, तो लांबून येतोय. मी सगळ्याला हो म्हणत होते. मग एकदम त्यांनी विचारलं,

"दत्ता जेवला होता का गं?"

मला ठाऊक नव्हतं. मी अनंताला ते विचारलंच नव्हतं. कशाला सुचणार होतं मला. मी म्हटलं की अनंत येईलच एवढ्यात. बुवांच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर हळूहळू हलत होती.

आळीत गाड्यांना मनाई होती. अनंत तोंडाशी गाडी लावून चालत आला. घरातल्याच कपड्यांवर होता, पायांत दोन वेगळ्या चपला. सवयीने वाकायला गेला आणि अर्ध्यावर थांबला, कारण सुतकात नमस्कार करत नाहीत. तसाच वाकलेला, काय करावं ते न कळून तो उभा राहिला. बुवांनी त्याचा दंड धरून त्याला सरळ केलं आणि तेच विचारलं.

"दत्ता जेवला होता का रे?"

अनंताने माझ्याकडे पाहिलं. मग नजर खाली घेतली.

"नाही काका."

"का?"

"सकाळपासून विचारत होते, दादाचं जेवण झालं असेल का. मी म्हटलं, वेळ आहे अजून, तुम्ही मऊ भात तरी घ्या. तर हातानेच नको म्हणाले." त्याचा आवाज आता फुटला. "तुमच्या कीर्तनाच्या दिवशी ते तुमच्या आधी कधी जेवलेत का, काका?"

बुवा उठले. मी त्यांच्या वहाणा पुढे केल्या, पण त्यांनी पाय घातले नाहीत. गाडी होती त्या बाजूला ते वळले, दोन पावलं टाकली, आणि मग सावकाश मागे फिरून शटरकडे चालायला लागले.

"काका, गाडी तिकडे आहे," अनंत म्हणाला.

"त्याचं वाढायचं राहिलंय रे," बुवा म्हणाले.

अनंताने एक कोपर धरलं, मी दुसरं धरलं. त्यांना कुठल्या बाजूला वळवायचं ते आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.